घड ऑक्टोबरात दिसतो, ठरतो मात्र उन्हाळ्यात

तासगाव भागातल्या एका तरुण बागायतदाराचा प्रश्न आहे. दीड एकर माणिक चमन द्राक्ष, डॉगरिज खुंटावर (मुळं या दुसऱ्या जातीची, वर द्राक्षाचं कलम). उपसा योजनेचं पाणी उशिरा मिळालं म्हणून खरड छाटणी (काड्या तयार करायला उन्हाळ्यात घेतात ती) १८ मे रोजी घेतली. फूट जोमात चालावी म्हणून जूनमध्ये युरिया दिला आणि दुकानदाराने सांगितलेलं जीएयुक्त (जिबरेलिन असलेलं) टॉनिक दोनदा फवारलं. जुलैअखेर ६-बीए हे संजीवक (झाडाची वाढ वळवणारं रसायन) मारलं. १० ऑक्टोबरला फळछाटणी (माल घ्यायची छाटणी) झाली. आता फुटी बाहेर आल्यात, तर निम्म्याहून जास्त फुटींवर घडच नाही, आणि जे आहेत त्यातले काही गोळी होऊन (आखडून) बाळीत, म्हणजे वेलीच्या आधार धरणाऱ्या तंतूत, चाललेत. शेजारच्या बागेत जात तीच, खुंट तोच, ६-बीएची पुडी त्याच दुकानातली, पण तिथे काडीला दोन-दोन घड. त्याची खरड छाटणी ८ एप्रिलची. या तरुण दादांनी दोन गोष्टी विचारल्या आहेत: फुलोरा आणणारं नेमकं संजीवक कोणतं आणि ते आता मारलं तर घड निघतील का? आणि आटपाडीचा मावसभाऊ इथ्रेल मारून डाळिंबाला फूल आणतो, तर ते द्राक्षात का चालत नाही?

सरळ उत्तर आधी देतो. ज्या फुटीत घड नाही, तिथे आता कशानेही घड येणार नाही. जे घड बाळीकडे झुकलेत त्यातले काही वाचवता येतील, त्याबद्दल पुढे सांगतो. पण औषधाचं नाव कळल्याने तुमची अडचण सुटणार नाही. डोळ्याच्या आत घड व्हायचा की बाळी, हे ठरत होतं त्या आठवड्यांत तुमच्या वेलीला काय मिळालं आणि काय मिळालं नाही, हे बघावं लागेल. लग्नाच्या याद्या झाल्यावर मांडव कितीही सजवला तरी नवरी बदलत नाही; तुमच्या बागेच्या याद्या जून-जुलैत होऊन गेल्या.

आता हे ‘ठरतं’ म्हणजे काय, ते जरा सविस्तर सांगतो, कारण सगळी गोम तिथेच आहे.

झाडाला फूल कधी आणायचं हे त्याला रासायनिक निरोपांतून कळतं, ही गोष्ट जुनी आहे. १९२० मध्ये अमेरिकेत गार्नर आणि अलार्ड यांनी तंबाखूच्या एका उंच वाढणाऱ्या जातीवर दाखवलं, की दिवस लहान झाल्याशिवाय ती फुलतच नाही. पुढे १९३७ मध्ये रशियात चैलाख्यान यांनी शेवंतीवर प्रयोग करून सांगितलं, की दिवसाची लांबी पान ओळखतं, शेंडा नव्हे. पानात काहीतरी तयार होतं आणि ते शेंड्यापर्यंत जातं. त्यांनी त्या पदार्थाला ‘फ्लोरिजेन’ नाव दिलं. पण तो पदार्थ हाती लागायला सत्तर वर्षं गेली. २००७ मध्ये एका छोट्या मोहरीवर्गीय रोपात आणि भातात एकाच सुमारास दिसलं, की तो एक छोटा प्रथिनाचा कण आहे. तो पानात बनतो, अन्नवाहिन्यांतून शेंड्याकडे जातो आणि तिथे पानांऐवजी फुलं घडवायला लावतो. ही गोष्ट आपल्या जिल्ह्यांत रोज बघायला मिळते. शेवंतीवाले मध्यरात्री शेडमध्ये दिवे लावतात ते लांब रात्र तोडायला, म्हणजे पानाकडून निरोपच निघू नये आणि फूल हव्या त्या तारखेला यावं. महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी दिवस लहान आणि रात्री थंड झाल्या की फुलावर येते, उन्हाळ्यात नुसते धावते (जमिनीवरचे आडवे वेल) सोडते. उसाला तुरा येतो तोही दिवसाच्या लांबीमुळेच. पावसाळा सरता सरता दिवस साधारण साडेबारा तासांवर आला की शेंड्यात त्याची तयारी सुरू होते आणि आपल्याला तुरा दिसतो दिवाळीच्या आगेमागे. कांद्याला डेंगळे (फुलांचे दांडे) येतात ते मात्र थंडीमुळे, तिथे दिवसाचा भाग कमी.

द्राक्षाचं वेगळं आहे. थॉम्पसन आणि तिच्यापासून निघालेल्या आपल्या तास-ए-गणेश, सोनाका, माणिक चमन या जातींना दिवसाच्या लांबीची फारशी पर्वा नाही. त्यांना पर्वा आहे उजेड किती प्रखर आहे, ऊन किती आहे, काडीत अन्न किती साठलंय आणि जिबरेलिन-सायटोकायनिन या वेलीतल्या दोन संजीवकांचं पारडं कुठे झुकलंय याची.

खरड छाटणीनंतर फूट वाढते, तिच्या प्रत्येक पानाच्या बगलेत डोळा धरतो. त्या डोळ्याच्या आत, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा एक कोंब तयार होतो, ज्याचं अजून काहीच ठरलेलं नसतं. तो घड होऊ शकतो, बाळी होऊ शकते. घड आणि बाळी हे मुळात एकाच अवयवाचे दोन प्रकार आहेत. म्हणूनच तर अर्धा घड-अर्धी बाळी असले नग आपल्याला वेलीवर दिसतात. आपल्याकडच्या हवामानात हा कोंब साधारण छाटणीनंतरच्या ४० ते ६० दिवसांत एका बाजूला झुकतो. जात, जमीन आणि त्या वर्षीचं ऊन यांप्रमाणे थोडं पुढेमागे होतं, पण नियोजन याच खिडकीभोवती करायचं.

त्या खिडकीत जिबरेलिन जास्त असेल तर कोंब बाळीकडे जातो. सायटोकायनिन जास्त असेल तर फांद्या फोडत घड होतो. हे अंदाजाने सांगत नाही. १९७८ मध्ये श्रीनिवासन आणि मुलिन्स यांनी वेलीपासून वेगळ्या केलेल्या बाळ्यांना काचेच्या नळीत सायटोकायनिन देऊन त्यांच्यावर फुलोरा आणून दाखवला. उलट बाजूचा पुरावा २००२ चा आहे. ऑस्ट्रेलियात बॉस आणि थॉमस यांना पिनो म्यूनिए या वाइनच्या द्राक्षापासून एक बुटकी वेल मिळाली, जिला जिबरेलिनचा निरोप नीट ऐकूच येत नाही. त्या वेलीवर जिथे बाळ्या यायला हव्यात तिथे घड लागतात! जिबरेलिनने मध्ये तोंड घातलं नाही तर वेल किती घड देऊ शकते, ते त्यावरून कळतं.

आता तुमच्या तारखा मांडून बघू. शेजाऱ्याची ८ एप्रिलची छाटणी, म्हणजे खिडकी १८ मे ते ७ जून. कडक ऊन, कोरडी हवा, पानं पूर्ण ताकदीने अन्न बनवताहेत. तुमची १८ मेची छाटणी, म्हणजे खिडकी २७ जून ते १७ जुलै. आपल्या पूर्व भागात तेव्हा पाऊस फार पडत नसेल, पण आभाळ भरलेलं असतं, दिवसचे दिवस ऊन नाही. थॉम्पसनच्या कुळाला डोळ्यावर पडणारा उजेड लागतो; सावलीतला डोळा पोसला जातो, फुगतो, पण त्यात घड धरत नाही. त्यात तुम्ही नेमकं त्याआधी युरिया आणि जीए दिलं. नत्र आणि पाणी जास्त झालं की शेंडा पळतो, आणि पळणारा शेंडा म्हणजेच वेलीचं स्वतःचं जिबरेलिन भरपूर. तुम्ही त्यात बाहेरून भर घातली. डॉगरिज क्षाराला, कमी पाण्याला चांगला, पण मुळातच जोमदार खुंट. त्याला आणखी जोम द्यायची गरज नव्हती. आणि ६-बीए, म्हणजे सायटोकायनिन, तुम्ही मारलं जुलैअखेर, छाटणीनंतर सत्तराव्या दिवसाच्या सुमारास. तोवर खिडकी बंद झाली होती. दुकान एकच होतं, पुडी एकच होती. पण शेजाऱ्याच्या वेलीला ती वेळेत मिळाली.

इथे एक सांगायला हवं. एकाच हंगामाच्या तारखांवरून सगळं बोलणं धोक्याचं असतं. तुमच्या बागेवर गेल्या वर्षी माल किती होता? जास्त माल काढलेली वेल पुढच्या खरड छाटणीला थकलेली असते, तिच्या ओलांड्यात (मांडवावरच्या आडव्या जाड फांदीत) साठा नसतो. जमीन भारी आणि चोपण (क्षारांनी घट्ट झालेली) असेल तर पांढरी मुळी कमी चालते, आणि सायटोकायनिन बनतं ते प्रामुख्याने मुळीच्या टोकाशी. मुळीच बसली असेल तर वरून ६-बीए मारून किती भागणार? ओलांड्यावर काड्यांची गर्दी झाली असेल तर एप्रिलची छाटणीसुद्धा वाया जाते, कारण ऊन पानांच्या छपरावरच अडतं. म्हणून मी जे सांगतोय त्यातला तारखेचा भाग जवळपास नक्की धरा. बाकीचा तुमच्या देठ परीक्षणाच्या (पानाच्या देठातल्या अन्नद्रव्यांच्या तपासणीच्या) आकड्यांवरून आणि माती बघून ठरेल.

आता मावसभावाच्या डाळिंबाकडे. इथ्रेल म्हणजे इथेफॉन. ते झाडात गेलं की इथिलीन वायू सुटतो. डाळिंबात खरं काम ताण करतो. महिना-दीड महिना पाणी तोडलं, वाढ थांबली, काडीत अन्न साठलं, की झाड फुलावर यायला तयारच असतं. इथ्रेल पानं गाळतं, सगळ्या बागेला एकाच वेळी विश्रांतीतून उठवतं, मग छाटणी, खत, पहिलं पाणी, आणि फूल एकसारखं निघतं. म्हणजे बहार धरताना इथ्रेल ही घंटा आहे, शाळा आधीच भरलेली असावी लागते. ताण न देता नुसतं इथ्रेल मारलेल्या बागा आटपाडीतही आहेत. पानं गळतात आणि नवी पालवी येते, फूल नाही. अननसाचं मात्र खरंच वेगळं. तिथे इथिलीन स्वतःच फूल आणतं. ॲझोर्स बेटांवर एकोणिसाव्या शतकात काचघरात धूर झाला आणि अननसं एकदम फुलावर आली, तेव्हापासून ही युक्ती माहीत आहे; धुरात इथिलीन असतं. फिलिपिन्समध्ये आंब्याच्या झाडाखाली मोहरासाठी धूर करायची रीत होती, तिथेही धुरातलं इथिलीनच कारणी येत असावं असं मानतात. द्राक्षात आपण इथ्रेल वापरतो ते फळछाटणीआधी पानगळ करायला, नाहीतर काळ्या जातींच्या मण्यांत रंग यायला. घड होण्याच्या निर्णयात त्याचा हात नाही.

कोकणात हापूसला देतात ते पॅक्लोब्युट्राझोल, बाजारात कल्टार, तेही अनेकजण विचारतात. ते जिबरेलिन बनणंच रोखतं, म्हणून आंब्याचा शेंडा थांबतो आणि मोहर येतो. दापोलीच्या विद्यापीठाची मात्राच झाडाच्या विस्ताराच्या व्यासाला मीटरमागे ३ मिली अशी आहे. पण ते जमिनीत बराच काळ राहतं. आंब्याचं बघून कुणी द्राक्षाला ओतायला निघालं असेल तर हात आवरा. आपल्याकडे द्राक्षात तेच काम लिहोसिन, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराईड, करतं, आणि त्याच्यावरूनच २०१० मध्ये युरोपला गेलेल्या भारतीय द्राक्षांत अवशेष सापडून केवढा गोंधळ झाला होता, ते जुन्या बागायतदारांना विचारा. मला स्वतःला टॉनिकच्या बाटल्यांची जास्त भीती वाटते. लेबलवर समुद्री शेवाळ आणि अमिनो आम्ल लिहिलेलं, आणि आत काय, तर कुणालाच ठाऊक नाही. ज्या आठवड्यांत घड ठरतो त्या आठवड्यांत अशी बाटली बागेत फिरवू नका.

इथवर मोजकं सांगायचं तर: संजीवक घड तयार करत नाही, ज्याचं ठरायचं आहे त्याला थोडा धक्का देतं. जीए हेच रसायन जूनमध्ये घड मारतं आणि नोव्हेंबरमध्ये, घड पोपटी झाल्यावर, देठ-पाकळ्या (घडाच्या उपशाखा) लांबवून तोच घड मोकळा करतं. हे जिबरेलिन सापडलं तेही १९२६ मध्ये एका जपानी शास्त्रज्ञाला, भाताची रोपं विनाकारण उंच करून लोळवणाऱ्या बुरशीतून. लांबवणं हा त्याचा स्वभाव.

आता बागेत उभं राहून काय करायचं ते.

ज्या घडांचा बाळीकडे कल आहे, त्यांच्याबाबत वेळ फार थोडा आहे. फुटी निघाल्यावर काही दिवस घडातली फुलं पूर्ण बनत असतात, आणि काडीत साठा कमी असेल, पाणी-नत्र जास्त असेल, ढगाळ हवा असेल तर घड जिरतो. तेव्हा ठिबकचं पाणी कमी करा, जमीन वाफसा (ना चिखल, ना कोरडी) राहील इतकंच. नत्र पूर्ण बंद. स्फुरद-पालाशाची फवारणी चालेल. ६-बीए १० पीपीएमचा (दहा लाख भागांत दहा भाग) उपयोग पोंगा अवस्थेपासून (डोळा फुटून कोंब दिसू लागल्यापासून) फुटी लहान असेपर्यंतच. तुमच्या फुटी चार-पाच पानांपुढे गेल्या असतील तर तो खर्च वाचवा. घड जिरू नये म्हणून लिहोसिन मारा असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. फळछाटणीनंतरच्या लिहोसिनचे अवशेष मण्यापर्यंत जातात. फेलफूट काढताना घाई नको. घड नसलेल्या सगळ्या फुटी उपटल्या तर उरलेल्या घडांना पोसायला पानं कमी पडतील आणि मांडवाखाली उघडं पडून मणी करपतील. जिथे गर्दी आहे तिथल्याच काढा, बाकीच्यांचे शेंडे मारून ठेवा. ‘परत छाटून बघू का’ असा विचार मनात असेल तर काढून टाका. काडीवरचे खालचे डोळेही त्याच जुलैचे आहेत.

पुढच्या हंगामात पहिली गोष्ट छाटणीची तारीख. एप्रिलचा पहिला पंधरवडा साधता आला तर निम्मं काम झालं. पाण्याचं मला कळतं. आवर्तन आपल्या हातात नाही. म्हणून छाटणीपुरतं पाणी शेततळ्यात राखून ठेवा आणि मालाचं शेवटचं पाणी तोडतानाच त्याचा हिशेब करा. माल उतरल्यावर वेलीला निदान तीन आठवडे विश्रांती द्या, शेणखत-सुपर फॉस्फेट तेव्हाच.

फुटी निघाल्यावर विरळणी लवकर. काडीवर काडी चढू देऊ नका. दुपारी बारा वाजता मांडवाखाली उभं राहून जमिनीवर उन्हाचे ठिपके दिसले पाहिजेत. पाच पानांवर लिहोसिन ५०० पीपीएम. ५० टक्के तीव्रतेच्या द्रावणाचं ते लिटरला १ मिली बसतं. सातव्या पानावर शेंडा खुडून सबकेन (खुडल्या जागी निघणारी पोटकाडी) घ्या. शेंडा खुडला की जिबरेलिनची धाव थांबते, गाठीजवळच्या डोळ्याला अन्न मिळतं, आणि आपल्याकडच्या बागांत त्या गाठीच्या आसपासचे डोळेच सगळ्यात भरवशाचे निघतात. यानंतर नत्र हात राखून, चाळीस दिवसांपासून पालाशावर भर. ६-बीए १० पीपीएम, ३५ ते ४५ दिवसांदरम्यान. शंभर लिटरला १ ग्रॅम. ते पाण्यात थेट विरघळत नाही, कॉस्टिक पोटॅशच्या थोड्या द्रावणात विरघळवून मगच टाकीत टाका. जीएचं उलट, ते ॲसिटोन किंवा अल्कोहोलमध्ये विरघळतं आणि खाऱ्या, जास्त सामू असलेल्या पाण्यात लवकर निकामी होतं. आपल्या बोअरच्या पाण्याचा सामू बघितल्याशिवाय फवारणीचा दोष औषधाला देऊ नये.

छाटणी मेपर्यंत लांबलीच, तर तीच संजीवकं वापरून एप्रिलसारखा निकाल मिळणार नाही, हे मनाशी धरूनच खर्च करा. तेव्हा हातात राहतं ते एवढंच: काड्या नेहमीपेक्षा कमी राखा, सबकेन वेळेवर घ्या, पावसाचा अंदाज बघून पाणी जवळजवळ तोडा, आणि युरियाची पिशवी उघडूच नका.

आणि एक काम तुम्ही या वर्षी केलं असतंत तर ऑक्टोबरात धक्का बसला नसता. फळछाटणीआधी दोन-तीन आठवडे काड्यांची तपासणी करून घ्या. बागेच्या वेगवेगळ्या भागांतून, जाड, मध्यम आणि बारीक अशा काड्या घ्या, सबकेनच्या आणि सरळ काड्या वेगळ्या बांधा, ओल्या कापडात गुंडाळून त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोहोचवा. डोळा उभा चिरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की कोणत्या डोळ्यात घड आहे ते कळतं, आणि छाटणी पाचव्या डोळ्यावर घ्यायची की आठव्या, ते अंदाजावर सोडावं लागत नाही. ज्या बागेत सहाव्या डोळ्यापर्यंत रिकामं आहे तिथे चौथ्यावर कात्री चालवली, तर चूक कात्रीची, संजीवकाची नाही.

तुम्ही मला गेल्या दोन वर्षांचा एकरी माल, देठ परीक्षणाचा अहवाल आणि पाण्याचा सामू-ईसी (ईसी म्हणजे क्षारांचं माप) कळवा. त्या जूनच्या टॉनिकच्या लेबलचा फोटोही द्या. मग लिहोसिन एकदाच पुरेल की सबकेननंतर दुसरं लागेल, आणि त्या डॉगरिजला नत्र किती कमी करायचं, ते नेमकं सांगता येईल.